दिवाळे आणि दिवाळी

दिवाळी आणि दिवाळे या दोन शब्दांत फरक काय तो एका वेलांटीचा. जुन्या काळी पेढी बुडाली, की सावकार भर दिवसा दारात दिवा लावून बसे, असे आमचे आजोबा सांगत. ते ऐकून आम्ही पोरे हसत असू. तसला दिवा पुढे आपल्याच दारात लागायचा आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

तसा मी जपून वागणारा माणूस. सदतीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी केली. दुसऱ्याच्या बेरजेतली चूक लाल शाईने दाखवण्यात हयात गेली. पण २०१४ साली भाचा छापखान्याच्या कर्जाचे कागद घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, नुसती सही हवी.” बहिणीच्या मुलाला नाही कसे म्हणायचे? सहीला काय लागते? थोडी शाई! मी जामीन राहिलो.

तीन वर्षांत छापखाना बुडाला. हप्ते थोपवून धरण्यासाठी मी शेजारच्या गुरुजींकडून साठ हजार रुपये हातउसने घेतले. तेही त्या खड्ड्यात गेले. २०१९ साली बँकेने अकरा लाखांचा हुकूमनामा मिळवला आणि एके दिवशी बेलिफ दारात उभा राहिला. घर भाड्याचे. जवळ होती ती दरमहाची पेन्शन आणि ग्रॅच्युइटीची चार लाखांची ठेव.

त्या रात्री मी ठरवले, की निम्मी पेन्शन परस्पर कापून घ्या असे बँकेला लिहून द्यायचे आणि मोकळे व्हायचे. अब्रू तरी राहील! सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “द्या की लिहून. पण तुमची अब्रू शिजवून खाता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.”

सकाळी वकीलसाहेबांकडे गेलो. माझा बेत ऐकून ते हसले. “नाना, तुम्ही लिहून दिलंत तरी चालायचं नाही. १८७१ सालापासून या देशात पेन्शनीचा कायदा आहे. सरकारी पेन्शनीवर धनकोला जप्ती आणता येत नाही. आणि पुढं मिळायची पेन्शन पेन्शनरानं आज कुणाच्या नावे करून दिली, तर तो कागदच रद्दबातल!”

मी थक्क झालो. सावकारापासून कायदा वाचवतो हे ऐकून होतो; पण माणसाला त्याच्या स्वतःच्या सहीपासूनही वाचवायची ही युक्ती दीडशे वर्षांपूर्वीच कुणाला तरी सुचली होती!

मग त्यांनी नादारीच्या अर्जाची वाट दाखवली. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावी त्यासाठी १९२० सालचा कायदा आहे. त्यात पाचशे रुपयांचे कर्ज असलेल्यालाही अर्ज करण्याची मुभा आहे; मी तर त्या मानाने श्रीमंतच ठरलो! नादार ठरलेल्याची मालमत्ता कोर्टाकडे, नाहीतर कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. मात्र जी वस्तू जप्त होऊ शकत नाही, ती तिकडे जात नाही. ही यादी १९०८ च्या दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमात आहे. सरकारी पेन्शन आणि ग्रॅच्युइटी त्यात आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आहेत. इतकेच काय, धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही आहेत. हे सांगितले तेव्हा सौ.चा हात नकळत गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला.

“पण एक करायचं,” वकीलसाहेबांनी बजावले, “लपवायचं काही नाही. वाचणारी चीजसुद्धा यादीत लिहायची. आणि पेन्शनीच्या खात्यात दुसरा पैसा मिसळू द्यायचा नाही. कुठला रुपया कुठून आला, हे पासबुकानंच बोललं पाहिजे.”

हे मात्र माझ्या हातचे होते. एक भांडेसुद्धा न वगळता मी यादी केली. स्कूटर गेली, टेलिव्हिजन गेला, किडुकमिडुक शेअर गेले. ग्रॅच्युइटीच्या ठेवीवर बँकेने हरकत घेतली, की पैसा हाती आला, ठेवीत गेला, आता ती ग्रॅच्युइटी कसली? पण निवृत्तीचा पैसा हाती पडल्याने त्याचे मूळ रूप पालटत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच दिलेला आहे. वकीलसाहेबांनी तो पुढे ठेवला आणि ठेव वाचली.

२०२२ साली मी नादारीतून मुक्त झालो. पेढे वाटावेत असा प्रसंग नव्हता, तरी घरी शिरा झाला.

पण धनकोंच्या यादीत बँकेखाली गुरुजींचेही नाव होते. त्यांच्या साठ हजारांपोटी वाटणीला आले ते त्यांच्या एका महिन्याच्या औषधांनाही पुरले नसते. ते एवढेच म्हणाले, “नाना, कायद्यानं तुम्हांला राखलं, फार बरं झालं.” त्या शब्दांत कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. माझी पेन्शन सुरक्षित, म्हणजे त्यांचे पैसे असुरक्षित. ही बेरीज काही केल्या जुळेना.

शेवटी सौ.नेच वाट काढली. “तुमचं कुणी हिसकावून घेणार नाही, हे आता ठरलं ना? मग आता तुम्ही हातानं द्यायला मोकळे.”

तेव्हापासून पेन्शन जमा झाली, की दुसऱ्या दिवशी पाकिटात हजार रुपये घालून मी गुरुजींकडे जातो. कायदा हे मागत नाही. गुरुजी ‘कशाला’ म्हणतात, पाकीट उशीखाली ठेवतात आणि चहा सांगतात. अजून बरीच पाकिटे बाकी आहेत.

परवा धनत्रयोदशीला त्यांच्याकडून परतताना संध्याकाळ झाली होती. आमच्या दारात सौ. पणती लावत होती. भर दिवसाचा तो दिवा विझला होता. हा रीतसर, अंधार पडल्यावर लावलेला होता.