चुलीपाशी बसून पाहिलं का?

‘डिझायनर’ हा शब्द आता आमच्या एकोडीतही येऊन पोचला आहे. साकोलीच्या बाजारात डिझायनर ब्लाउज, डिझायनर राख्या. लग्नात रुखवतसुद्धा डिझायनर! कोणाही बाईला या शब्दाचा अर्थ विचारा. ती म्हणेल, टिकल्या जास्त अन् किंमत जास्त. त्यामुळे बारावीतल्या माझ्या पुतणीनं ‘मला पुढे डिझाइन शिकायचं आहे’ असं जाहीर केलं, तेव्हा घरात गहजब झाला याचं मला नवल वाटलं नाही.

“फुलं-पानं काढायला चार वर्षांची फी भरायची? धानाच्या पैशात हे बसत नाही, वहिनी. तुम्हीच समजवा तिला,” धाकटे दीर म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. कर्ज काढावं लागणार, अन् आमच्याकडे एक पाऊस हुकला की वर्षाचा हिशेब हुकतो. पोरीच्या हौसेपायी घर गहाण पडायचं, ही भीती काही लहान नव्हे.

पण मी पोरीला समजावण्याऐवजी दिरांनाच आमच्या जुन्या चुलीची आठवण करून दिली. तीच तुम्हालाही सांगते.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका योजनेतून आमच्या घरी धूर न होणारी चूल बसवली. दोन तोंडांची, वर सिमेंटचा पाइप. घरात केवढा आनंद! सासूबाईंचा जन्म फुंकणी फुंकण्यात गेलेला. डोळे कायम लाल, खोकला रात्रभर. वाटलं, आता म्हातारपण तरी सुखात जाईल.

सहा महिन्यांत ती चूल फोडावी लागली.

का, ते ऐका. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे मजूर बायांचाही भात शिजायचा. तो मोठा गंज त्या तोंडावर बसेना, डुगडुगायचा. लाकूड बोटभर जाडीचं फोडलं तरच आत जाई. तेवढा वेळ कोणाला? आणि पाइपात काजळी साचली की तो साफ करायला कवेलूंवर चढायचं. भर पावसात, ओल्या कवेलूंवर, लुगडं नेसलेल्या बाईनं! पाइप तुंबला तसा सगळा धूर उलटा घरात येऊ लागला, पहिल्यापेक्षा जास्त. शेवटी सासूबाईंनी ती फोडली आणि मातीची जुनी चूल पुन्हा सारवून घेतली. नंतर पाहणीला आलेले लोक म्हणाले, “बायका अडाणी, चांगली वस्तू दिली तरी वापरत नाहीत.” सासूबाई दाराआडून एवढंच म्हणाल्या, “हे ज्यानं बनवलं, त्यानं कधी सयपाक केला होता का वो?”

मैत्रिणींनो, डिझाइन म्हणजे काय हे मला त्या एका प्रश्नातून कळलं. ती चूल करणाऱ्याला आगीचं शास्त्र ठाऊक होतं. गंज किती मोठा, पाइप कोण साफ करणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. चूल फुकट मिळाली होती, तरी आम्हाला महागच पडली. सासूबाईंचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं घरातल्या धुरापायी दगावली. तेव्हा ‘चुलीचा आकार’ ही काही फुला-पानांची गोष्ट नाही.

आता याची दुसरी बाजू पाहा. पुण्यात फिलिप्स कंपनीच्या डिझाइन विभागानं पुढे अशीच कमी धुराची चूल तयार केली. ती सिमेंटच्या सुट्या भागांची होती. एखादा भाग फुटला तर तेवढाच बदलायचा. मला सर्वांत आवडलं ते हे, की तिचं धुराडं घरात उभं राहूनच साफ करता येई. छपरावर चढणं नको! कोणीतरी बाईच्या जागी उभं राहून विचार केला होता, हे त्यातून लगेच कळतं. शिवाय कंपनीनं हा नमुना स्वतःपुरता न ठेवता गावोगावच्या संस्थांना, कारागिरांना चुली बनवण्यासाठी मोकळा करून दिला. २००९ साली तिला डेन्मार्कचा ‘इंडेक्स’ पुरस्कार मिळाला. त्या चुलीनं सगळा धूर संपला असं मी म्हणणार नाही. गॅस तो गॅसच. पण सिलिंडर आलं तरी आंघोळीचं पाणी अन् पाहुण्यांचा स्वयंपाक अजून कितीतरी घरांत चुलीवरच होतो, हे आपण जाणतोच.

आणि ही दृष्टी परक्याकडून शिकायची गरज नाही. आपला भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. त्यातला साधा लोटाच घ्या. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं आपल्या सरकारच्या बोलावण्यावरून भारतात हिंडलं. त्यांनी सरकारला जो अहवाल दिला त्यात सर्वांत जास्त वाखाणणी केली ती या लोट्याची. पाणी किती मावतं, डोक्यावर किंवा कमरेवर कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, हाताला घासायला कसा, वाजतो कसा, किंमत काय, असे किती तरी प्रश्न या एका भांड्यानं सोडवले आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. तो कोणा एकानं घडवला नाही. पिढ्यान्‌पिढ्या घडत गेला. पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, तिच्या मुळाशी हाच अहवाल आहे. मुंबईला पवईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचं केंद्र आहे. म्हणजे शिकायला जागा आहेत, अन् शिकण्यासारखं आपल्या फळीवरही आहे.

आपल्याकडच्या करवती साडीचंही तसंच. अंग टसरचं, काठ सुताचा; तीन धोटे चालवून दोन्ही एकमेकांत गुंतवायचे, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उठते. पण डिझायनरनं नुसता रंग बदलून शहरात दुप्पट भावानं विकली, तर त्याला मी मोल वाढवणं म्हणणार नाही. तेवढेच दिवस मागावर बसून विणकराच्या घरात चार पैसे जास्त आले, त्याच्या पोराला माग सोडून जावंसं वाटलं नाही, तर म्हणेन.

हे सगळं मी दिरांना सांगितलं आणि पुतणीला एक अट घातली. म्हटलं, “बाई, अर्ज भरायच्या आधी रोवणीत आठ दिवस बांधीत उतर. काही बनवू नको, नुसतं पाहा अन् विचार.” पहिल्या दिवशी आली ती कंबर धरून. चौथ्या दिवशी म्हणाली, “मोठी आई, मला वाटलं होतं सगळ्या कंबरेचंच सांगतील. पण बाया म्हणतात, पाठीवरचं प्लास्टिक वाकलं की डोक्यावरून पुढं घसरतं. दोन्ही हातांत पऱ्हे, सावरायचं कसं?” मग वहीत तिनं बाया किती वाकतात, गाठ कुठे बांधतात, वारा कुठून येतो हे सगळं काढलं. एकही फूल नव्हतं त्यात! दिरांनी ती वही बराच वेळ चाळली. कर्जाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायला त्यांनी होकार दिला आहे.

जाता जाता, तुमच्या उपयोगाचं सांगते. घरात नवी वस्तू घेताना नक्षी पाहण्याआधी चार प्रश्न विचारत जा. ही घासता येते का, कानाकोपऱ्यात हात जातो का? भरल्यावर एका बाईला उचलते का? मोडली तर गावात दुरुस्त होते का? आणि म्हाताऱ्या माणसाच्या ओल्या हातातून ती सटकणार तर नाही? दुकानदाराला हे प्रश्न आवडणार नाहीत. पण आपण विचारत राहिलो, तर वस्तू बनवणाऱ्यापर्यंत ते आज ना उद्या पोचतीलच.