माप

पत्त्यात ‘करंजाडे’ असे लिहिले की निम्मे लोक ते ‘करंजा’ असे वाचतात आणि मी उरणजवळच्या समुद्रकाठी राहतो अशी समजूत करून घेतात. वस्तुतः आमच्या वाट्याला समुद्र नाही; आहे ती पनवेलची खाडी, तिचा चिखल आणि तिवरांची झाडी. तथापि अलीकडे मी खरोखरच करंजाच्या धक्क्यावर जाऊ लागलो आहे, आणि त्याला कारण झाले आमचे अप्पा.

अप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे बंधू. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन नेव्हीत होते आणि १९४४-४५ चा हिवाळा त्यांनी अराकानच्या किनाऱ्यावर एका मोटर-लाँचच्या इंजिनखान्यात काढला होता. ती लाँच लाकडाची होती हे ऐकून आम्हा मुलांचा मोठाच विरस होई. “लाकडाची होडी घेऊन कोणी लढाईला जातं का?” असे मी एकदा त्यांना तोंडावरच विचारले. त्यांनी खाडीच्या तिवरांकडे बोट दाखविले. “असल्याच झाडीत शिरायचं असे, बाळ. मोठं जहाज तिथे रुतूनच बसलं असतं.” अप्पांना विडीचे व्यसन होते, परंतु धक्क्यावर पाऊल पडले की ते काडी ओढीत नसत. पेट्रोलवर चालणाऱ्या लाकडी नौकेच्या पोटात तीन वर्षे काढलेल्या माणसाची ती सवय होती, हे मला फार उशिरा उमगले.

उमगले तेही इंग्रजी पुस्तकांतून. त्या काळच्या ‘फेअरमाइल’ जातीच्या लाँचा सुमारे ११२ फूट लांब असत. इंग्लंडातल्या फर्निचरच्या कारखान्यांतूनसुद्धा त्यांचे भाग घडविले गेले. दूरदूरच्या गोद्यांकडे ते सुटे धाडावयाचे आणि तिथल्या सुतारांनी ते जोडावयाचे, अशी युक्ती होती. काही लाँचा आपल्या मुंबईत व कलकत्त्यातही बांधल्या गेल्या. प्लायवुडच्या फासळ्यांवर महोगनीच्या फळ्यांचे दोन थर एकमेकांना छेद देत तिरपे बसवीत. युद्ध संपेपर्यंत टिकाव्या, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती.

आणि नेमक्या असल्याच अल्पायुषी नौका आज काही देशांत पुन्हा पाण्यावर धावत आहेत. १९४३ मध्ये बांधलेली ‘मेड्यूसा’ ही ७२ फुटी नौका ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या स्वारीत सुरुंग काढणाऱ्या जहाजांना वाट दाखवीत उभी होती. इंग्लंडातल्या हौशी मंडळींनी तिला भंगारातून वाचवून चालती ठेवली. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या युद्धसंग्रहालयाने ‘पीटी-३०५’ नावाची नौका हाती घेतली. मध्यंतरी ती कालवे पकडण्याच्या धंद्यात होती आणि त्यापायी तिची शेपटीही कापलेली होती. शेकडो स्वयंसेवकांनी सुमारे दहा वर्षे खपून तिला मूळची लांबी परत दिली, आणि २०१७ मध्ये ती उतारूंना घेऊन सरोवरावर धावली.

हे काम वाचावयास सोपे, पण करावयास महाकठीण. नौकेला प्रथम चहूकडून सारखे टेकू द्यावे लागतात. एखादा ढिला पडला तर तिचा कणाच वाकतो. सर्व फळ्या एकदम काढून चालत नाही, नाहीतर मूळ आकार हरवतो. एक काढावी, तिच्यावरून नवी बेतावी, बसवावी, मग दुसरीला हात लावावा. लाकडाचा खरा वैरी खारे पाणी नव्हे, गोडे पाणी होय. फटींत मुरलेला पाऊस ते आतून कुजवितो.

आपल्याकडे जतन होतच नाही असे नव्हे. १९७६ मध्ये नौदलात आलेली ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र-नौका २००५ मध्ये निवृत्त झाल्यावर कारवारच्या किनाऱ्यावर ठेवण्यात आली. मुले तिच्यात फिरून येतात, हे चांगलेच आहे. परंतु जमिनीवर ठेवलेल्या नौकेला सुताराची व यंत्रज्ञाची आठवण क्वचितच होते. चालत्या नौकेला ती रोज होते. नौका चालती ठेवणे म्हणजे तिच्याबरोबर ती बांधणाऱ्यांची विद्याही चालती ठेवणे होय.

हा विचार डोक्यात घेऊन मी करंजाला गेलो. पावसाळ्यापूर्वी होड्या शाकारण्याचे दिवस होते. फायबरच्या होड्यांच्या गर्दीत एका जुन्या लाकडी होडीच्या फटींत एक वृद्ध कारागीर कापूस ठोशीत बसला होता. मी त्याला मोबाइलवर ‘मेड्यूसा’चे चित्र दाखविले. त्याने ते हातात धरून बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “चालते का?”

“चालते.”

“पठाण जुनंच हाय?” पठाण म्हणजे नौकेचा तळकणा. मला उत्तर देता आले नाही. मग मीच विचारले, “अशी एखादी तुम्ही उभी कराल का?”

“माप आना, मास्तर,” तो म्हणाला, “बाकीचं आमी बघतो.” आणि पुन्हा कापूस ठोसू लागला.

परत येताना मला वाटत होते की, तिकडे इच्छा होती, पण हात नव्याने शिकवावे लागले. इकडे थोडे हात अजून शिल्लक आहेत, इच्छा मात्र नाही. पण हे सारे दुसऱ्यावर ढकलण्यात काय अर्थ? माप आणणे, म्हणजे विचारून, लिहून, जपून ठेवणे, हे तर आम्हा शिकलेल्यांचे काम. माझ्या कॉलेजच्या दिवसांपर्यंत अप्पा आमच्याच घरात होते. ट्रफल्गारच्या लढाईतील जहाजांची नावे मला त्या वेळी तोंडपाठ होती. अप्पांच्या लाँचचा नंबर काय होता, हे मी त्यांना कधीही विचारले नाही.