गळती

माणसाच्या हातांत स्क्रू-ड्रायव्हर आला कीं जगांतील प्रत्येक दोष त्याला स्क्रूंतच दिसूं लागतो, हें मी स्वानुभवानें सांगतों. पुण्यास असतांना माझ्या जुन्या स्कूटरचा कार्बुरेटर मीं वर्षानुवर्षें स्वतःच जुळविला. त्यामुळें या विषयांत आपणांस कांहीं शिकावयाचें उरलें नाहीं, अशी माझी समजूत होती. ती गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत, डेट्रॉइटजवळच्या माझ्या मुलाच्या गॅरेजमध्यें गळून पडली.

मुलाजवळ 1967 सालची पाँटिअॅक जीटीओ गाडी आहे. पाँटिअॅक हें नांवच 2010 मध्यें बाजारांतून गेलें. पण हिचें आठ सिलिंडरांचें, चारशें घन इंचांचें एंजिन अजून गर्जतें. त्यावर चार गळ्यांचा क्वाड्राजेट कार्बुरेटर आहे. पुढचे दोन गळे लहान, नेहमींच्या चालीसाठीं; मागचे दोन मोठे, जोराचा वेग हवा असेल तेव्हांच उघडणारे.

गाडी उभी असतांना एंजिन थरथरे आणि मध्येंच बंद पडे. "मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें आहे. स्क्रू अर्धा फेरा सैल कर," मीं निकाल दिला.

मुलगा हंसला. "बाबा, स्क्रू शेवटीं. आधीं हवा कोठून चोरून शिरते आहे तें पाहूं."

एंजिन हवा ओढतें आणि त्या ओढीबरोबर पेट्रोल येतें. पेट्रोल पुरतें जळावयाचें तर त्याच्या एका भागाला वजनानें सुमारें 14.7 भाग हवा लागते. कार्बुरेटरला चुकवून दुसरीकडून हवा शिरली कीं हें प्रमाण बिघडतें. मग स्क्रू सैल करून पेट्रोल वाढविलें, तर दोष झांकला जातो, नाहींसा होत नाहीं.

त्यानें ओढ मोजणारें घड्याळ लावलें. कांटा पाऱ्याच्या 14 इंचांवर होता. निरोगी एंजिनास 17 ते 21 हवेत. मग रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरून दुसरें तो एंजिनावरून फिरवूं लागला. डॉक्टरनें छाती तपासावी तसें. ब्रेककडे जाणाऱ्या नळीपाशीं बारीक फुसफुस ऐकूं आली. नळी वरून धडधाकट, खालून चिरलेली!

नवी नळी बसली. एंजिन पुरतें तापूं दिलें, ठिणगीची वेळ तपासली. मिश्रणाचे दोन्ही स्क्रू त्यानें हलक्या हातानें बंद केले, कारण जोर केला तर सुईचें टोंक बिघडतें. मग ते दीड-दीड फेरा उघडले आणि आळीपाळीनें थोडेथोडे फिरवून कांटा सर्वांत वर जाईल तेथें ठेवले. कांटा 18 वर स्थिरावला. मौज अशी कीं, स्क्रू जवळजवळ पूर्वींच्याच जागीं येऊन थांबले होते.

तीन वर्षांपूर्वीं माझी पत्नी निवर्तली, तेव्हां हा मुलगा तिसऱ्या दिवशीं पोहोंचला. त्यावरून मी त्याला प्रत्येक फोनवर कांहींना कांहीं लावून बोलत असें. तो मुकाट्यानें ऐकून घेई, आणि आमचें संभाषण त्या एंजिनासारखें मध्येंच बंद पडे. त्या संध्याकाळीं मीं प्रथमच नुसतें विचारलें, "तेव्हां तुला उशीर कां झाला रे?"

हात पुसतां पुसतां तो म्हणाला, "बाबा, त्या आठवड्यांत मीं तुम्हांला तीनदां विचारलें होतें, येऊं का म्हणून. तुम्ही तिन्ही वेळां म्हणालांत, काळजीचें कांहीं नाहीं."

मला सारें आठवलें. परदेशीं त्याचा जीव टांगणीला लागूं नये म्हणून मी तसें बोललों होतों. त्याला दोष देतांना मात्र तें सोयीस्करपणें विसरलों. चीर माझ्या बाजूला होती, आणि मी स्क्रू त्याचे पिळीत होतों.

"चुकलें माझें," मी म्हणालों.

"चला, पानें वाढलीं आहेत," एवढेंच तो बोलला. पण घरांत जातांना त्याचा हात माझ्या खांद्यावर होता.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वुडवर्ड अॅव्हेन्यूवर फिरावयास निघालों. लाल दिव्यापाशीं गाडी थांबली. एंजिन संथ चाललें होतें. आम्ही दोघेहि त्याच्या आईविषयीं बोलत होतों. दिवा हिरवा झाल्याचें मागच्या गाडीच्या भोंग्यानें आम्हांस सांगितलें.