पेनाचा आवाज

मेसमध्ये ताटावर बसलो होतो, तेवढ्यात मित्राने विचारलं, “मंगळवारी मोकळा आहेस का? एका ताईला रायटर पाहिजे.” मला वाटलं, कुणाची तरी एकांकिका अडली असणार. पुण्यात कॉलेजला आल्यापासून पुरुषोत्तम करंडकाबद्दल इतकं ऐकलं होतं की रायटर म्हटल्यावर दुसरं काही सुचेचना. मी रुबाबात म्हणालो, “विनोदी लिहीन.”

मित्राला हसता हसता ठसका लागला. रायटर म्हणजे लेखनिक. ज्याला दिसत नाही किंवा हाताने लिहिता येत नाही, त्याने परीक्षेत उत्तर सांगायचं आणि लेखनिकाने ते उतरवून घ्यायचं. ताई राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती, जन्मापासून दृष्टिहीन. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी हवं असा दंडक असल्यामुळे मी कागदोपत्री अगदी बसत होतो. आपण कमी शिकलेले आहोत याचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग होत होता.

पेपरच्या दोन दिवस आधी ताईने मला कॉलेजच्या कँटीनमध्ये बोलावलं. उमेदवाराला लेखनिकाची अशी आधी गाठ घेता यावी, हे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच होतं, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मात्र मी नोकरीच्या मुलाखतीला जावं तसा इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिला त्याचा काय उपयोग, हे गेटपाशी पोचल्यावर लक्षात आलं.

पहिली चूक तिथेच केली. गेटपासून कँटीनपर्यंत न्यायचं म्हणून मी तिचं मनगट धरलं आणि म्हातारीला रस्ता ओलांडून द्यावा तसं ओढायला लागलो. तिने हात हळूच सोडवून घेतला आणि माझ्या कोपराच्या जरा वर धरलं. “तू अर्धं पाऊल पुढे चाल. पायरी आली की थांब, आणि चढायची की उतरायची ते सांग. बाकी काही करू नकोस.” पहिली पायरी आल्यावर मी मोठ्यांदा म्हणालो, “पायरी!” चढायची की उतरायची ते सांगायचं राहिलं. दुसरी आली तेव्हा “हे बघ, आता उतरायचंय” असं बोलून गेलो आणि ‘बघ’ या शब्दाने माझी जीभच लुळी पडली. ताई म्हणाली, “अरे, मीपण पिक्चर बघायलाच जाते. ऐकायला जाते असं कोण म्हणतं?”

चहा आला. तिने मला वर्तमानपत्रातली बातमी काढून मोठ्याने वाचायला लावली आणि मग तीच बातमी तोंडपाठ असल्यासारखी सांगत मला लिहायला लावली. पूर्णविराम, स्वल्पविराम, नवा परिच्छेद, हे शब्द ती वाक्यातच सांगत होती. मी घाईत ‘पूर्णविराम’ हा शब्दच लिहून मोकळा झालो. ते वाचून दाखवल्यावर ती बराच वेळ हसत होती. मग एकदम गंभीर झाली. “एकच नियम. मी सांगेन तेच लिहायचं. मी चुकले तर चूक लिहायची.” मी “हो” म्हणालो. असल्या सोप्या नियमाला कोण “नाही” म्हणेल?

तिच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी प्रणाली. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने २००६ मध्ये तिचं काम सुरू केलं आणि ती आजही फुकट मिळते. ताईने तिचा वेग इतका वाढवून ठेवला होता की मला ते मिक्सर फिरल्यासारखं ऐकू आलं. एक शब्द समजेल तर शपथ. ती मात्र त्यातून धडाधड वाचत होती. मग तिने एका फाइलवर आणून थांबवलं. “हे बघ काय म्हणतंय.” कुणीतरी पाठवलेल्या मराठी नोट्स होत्या. माझ्या डोळ्यांना छान, टपोरं देवनागरी दिसत होतं. आतला आवाज मात्र ‘एफ, कंस, के, डब्ल्यू, अर्धविराम’ असं काहीबाही बरळत होता.

याचं कारण कळायला मला एक संध्याकाळ लागली. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये ‘क’चा नुसता आकार असतो, संगणकाच्या लेखी ते कुठलं तरी इंग्रजी अक्षरच असतं. ज्याला आकार दिसतो त्याला मराठी मिळतं, आणि ज्याला आकार दिसत नाही त्याच्या कानात कचरा पडतो. युनिकोडमध्ये ‘क’ आतूनही ‘क’च असतो. मी हॉस्टेलवर बसून त्या चाळीस पानांचं रूपांतर केलं. जोडाक्षरं फुटली होती ती हाताने सांधली. तोवर मला वाटायचं की अडचण तिच्या डोळ्यांत आहे. या फाइलपुरती तरी ती टंकलेखन करणाऱ्याने निवडलेल्या फॉन्टमध्ये होती.

सोमवारी ताई म्हणाली, “पंधरा मिनिटं समुपदेशन कक्षात जाऊन येते. तू बाहेर थांब.” दारावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावलेला होता. मी पाच मिनिटं त्या दाराशी उभा राहिलो आणि समोरून माझ्याच वर्गातली दोन मुलं आली. मी चटकन दाराकडे पाठ केली, खिशातून मोबाइल काढला आणि शेजारच्या नोटीस बोर्डावरची स्कॉलरशिपची यादी वाचायला लागलो. त्या यादीत माझं नाव असण्याचा काही संबंध नव्हता. आत गेलेली मुलगी शांत होती आणि बाहेर उभ्या असलेल्या मला घाम फुटला होता.

ती बाहेर आल्यावर मी न विचारताच तिने सांगितलं. “अभ्यासाचं टेन्शन मला तुमच्याइतकंच असतं रे. त्याच्या वरचं टेन्शन रायटरचं.” पहिल्या वर्षी तिच्या रायटरने पेपरच्या सकाळी फोन बंद ठेवला होता. दहाला प्रश्नपत्रिका तिच्यासमोर आली, आणि सगळं येत असून ती पाऊण तास तशीच बसून राहिली. धावपळ करून कुणीतरी रायटर आणला, पेपर झाला, पासही झाली. पण तेव्हापासून प्रत्येक पेपरच्या आदल्या रात्री झोप येईना. रात्री दोनला उठून रायटरला ‘येतोयस ना?’ असा मेसेज पाठवायचा, उत्तर येईपर्यंत छातीत धडधड. शेवटी तिने समुपदेशक मॅडमचं दार वाजवलं.

माझी समजूत अशी होती की आत दीर्घ श्वास घ्यायला लावत असतील. तेही झालं म्हणे. पण दोन-तीन भेटी नीट ऐकून घेतल्यावर मॅडमनी विचारलं, “ही भीती मनातून काढायची, की तिचं कारणच काढायचं?” दोघींनी मिळून परीक्षा विभागाला अर्ज लिहिला. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने लेखनिकांची यादी तयार ठेवावी, ही तरतूद त्या २०१८ च्या सूचनांतच होती. ती कुणी उघडून पाहिली नव्हती. आता कॉलेजात प्रत्येक पेपरला दोन राखीव रायटर असतात. ताईची झोप बऱ्यापैकी परत आली, सगळी नाही. म्हणून पेपरच्या आदल्या दिवशी ती पंधरा मिनिटं अजून जाऊन येते.

मंगळवार उजाडला. मी साडेआठलाच हजर. माझ्याकडून फॉर्म भरून घेतला, ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो, सही, ‘मी या विषयाचा विद्यार्थी नाही’ असं हमीपत्र. आम्हाला वेगळी खोली दिली होती, कारण बोलण्याचा इतरांना त्रास नको. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पर्यवेक्षकांनी मला विचारलं, “हिचा सीट नंबर काय?” ताई म्हणाली, “सर, नंबर मला पाठ आहे,” आणि सांगितला. पुढचा प्रश्नही त्यांनी मलाच विचारला.

उत्तरपत्रिकेवर सही तिची लागते. तिने पट्टी मागितली. मी पट्टीची कड बरोबर रेघेवर ठेवली, तिने बोटाने चाचपली आणि पट्टीच्या आधाराने झोकात सही केली. माझ्या सहीपेक्षा चांगली. मग मी अख्खी प्रश्नपत्रिका गुणांसकट दोनदा वाचली. ताशी निदान वीस मिनिटं जादा, म्हणून तीन तासांचा पेपर आमच्यासाठी चार तासांचा होता. तिच्या मनगटावर ब्रेल घड्याळ होतं; काच उघडून काट्यांवर बोट फिरवायची. मध्येच मीच घाबरून “किती वाजले?” विचारायचो आणि ती मला सांगायची.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला पंचायत राजचा प्रश्न आला आणि माझ्यातला एमपीएससीवाला जागा झाला. आमच्या भागातून पुण्याला आलेल्या बहुतेक पोरांसारखी माझ्याही कपाटात राज्यव्यवस्थेची पुस्तकं आहेत. ताईने सांगितलं, “७३वी घटनादुरुस्ती संसदेने १९९२ मध्ये मंजूर केली.” मी १९९२ लिहिलं आणि डोक्यात घंटा वाजली. २४ एप्रिल! पंचायत राज दिन! १९९३! बिचारी चुकली. मी हळूच आकड्यावरून दोनदा रेघ ओढून १९९३ केलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

“काय खोडलंस?”

“काही नाही.”

“दोनदा आडवं ओढलंस. ऐकू आलं मला. वाच.”

मी वाचलं. ती क्षणभर गप्प झाली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “मंजूर झाली डिसेंबर १९९२ मध्ये. अमलात आली २४ एप्रिल १९९३ ला. ते मी पुढच्या वाक्यात सांगणार होते.” पर्यवेक्षक आमच्याकडे बघायला लागले. “खोड. १९९२ लिही. आणि पुढे माझ्या मागे राहा, पुढे जाऊ नकोस.”

त्या ओळीत आता एक खोडलेलं १९९२, एक खोडलेलं १९९३ आणि पुन्हा एक १९९२ होतं. तपासणाऱ्याला वाटेल, हिला काही नक्की माहीत नाही. माहीत नव्हतं ते मला, आणि डाग तिच्या उत्तरपत्रिकेवर. दोन दिवसांपूर्वी तो नियम मला सोपा वाटला होता.

चौथ्या तासाला माझी बोटं आखडली. मी पेन डाव्या हातात घेऊन उजवा झटकत होतो. पेपर संपल्यावर जिन्यात बसलो तेव्हा ताई म्हणाली, “तुझ्या या दुखण्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.” मला वाटलं चेष्टा करतेय. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता. लिहायला लागलं की हात आखडायचा. चाळीस टक्के अपंगत्वाच्या निकषात तो बसत नाही म्हणून यूपीएससीने त्याला लेखनिक नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्याला लिहायला खरोखर अडचण आहे त्याला या टक्क्यांवरून लेखनिक नाकारता येणार नाही. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला तो निकाल ताईला परिच्छेदांच्या क्रमांकांसकट माहीत होता. “लोक म्हणतात, सवलत मिळते तुम्हाला. सवलत एसटीत मिळते. हा हक्क आहे.”

त्याच जिन्यात एक मुलगा पाणी पीत उभा होता. शेजारच्या खोलीत जादा वेळ घेऊन त्याने स्वतःच्या हाताने पेपर लिहिला होता. त्याला अध्ययन अक्षमता आहे. अक्षरं जागा बदलतात. पर्यवेक्षक त्याला म्हणाले होते, “तुला तर काहीच झालेलं दिसत नाही.” २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत त्याची अडचण आहे, मानसिक आजारही आहेत, आणि त्यातलं बरंचसं वरून दिसत नाही. सकाळी त्याला पाहिलं तेव्हा माझ्याही मनात तेच आलं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

रात्री आईचा फोन आला. सगळं सांगितलं. आई म्हणाली, “तुला पुण्याला शिकायला पाठवलाय की दुसऱ्यांचे पेपर लिहायला?” मग जरा थांबून विचारलं, “जेवली का ती पोरगी मधे काही?”

शुक्रवारी दुसरा पेपर. या वेळी मी ठरवूनच गेलो होतो. महाराष्ट्रातल्या समाजसुधारणांचा प्रश्न होता. ताईने सांगितलं, “जोतीराव फुले यांनी १८७५ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली.” १८७३. शंभर टक्के १८७३. मुंबईतल्या आर्य समाजाचं साल तिच्या तोंडात आलं होतं. माझं पेन ‘१८७’वर आलं आणि तिथे थांबावंसं वाटलं. पण मी थांबलो असतो तर तेही तिला ऐकू आलं असतं. खोडण्याच्या आवाजाने जे कळतं, ते न लिहिण्यानेही कळतं. माझं थांबणं हीच कॉपी झाली असती. मी त्याच वेगाने पाच काढला आणि पूर्णविराम दिला. चार तासांत हाताला झाला नाही तेवढा त्रास त्या एका आकड्याने दिला.

खाली उतरताना शेवटच्या पायरीवर ती थबकली.

“सत्यशोधक समाज ७३ ना रे?”

“हो.”

“मी ७५ सांगितलं.”

“हो.”

“आणि तू ७५ लिहिलंस.”

“हो.”

तिने माझं कोपर घट्ट धरलं. वाटलं, आता बोलणी बसणार. “एक मार्क गेला,” ती म्हणाली. “चहा तू पाज.”

मी राखीव रायटरच्या यादीत नाव दिलं आहे. पंधरा दिवसांनी माझी स्वतःची परीक्षा सुरू झाली. गणिताच्या पेपरात एक पायरी चुकली म्हणून मी रेघ मारली, आणि शांत हॉलमध्ये तो खर्र आवाज मला इतका मोठा वाटला की मी दचकून वर पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं.