भुलेश्वरचा चढ आणि उतारवयातील सायकल

भीमा नदीच्या उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. मुळा-मुठा भीमेला मिळते त्या रांजणगाव सांडसच्या आसपासचा प्रदेश उसाचा, गुऱ्हाळांचा आणि सपाट रस्त्यांचा आहे. साठीनंतर पुन्हा सायकल हाती घेणाऱ्याने सरावाच्या फेऱ्या अशाच सपाटीवर माराव्यात. खरी परीक्षा आहे ती दौंडच्या दक्षिण सीमेवर.

पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर यवत लागते. महामार्गावर अवजड वाहने फार. म्हणून यवतपर्यंत सायकल गाडीतूनच न्यावी. तेथून भुलेश्वरकडे वळताच शेतांची हिरवाई मागे पडते, विरळ गवताचे माळ सुरू होतात आणि मग घाटाची वळणे. डांबरी रस्त्याच्या आजूबाजूला मुरमाच्या पाऊलवाटा डोंगरावर चढतात. तरुण सायकलस्वारांना त्यांची ओढ वाटते. ज्येष्ठांनी मात्र डांबरी रस्ता सोडू नये. सुट्या मुरमावर चाक घसरते आणि या वयात मोडलेले हाड सावकाश सांधते.

वडील किंवा आजोबा असा बेत सांगतात, तेव्हा घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ती काळजी रास्त आहे. परंतु केवळ मनाई करणे हे तिचे उत्तर नव्हे. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचविते. प्रश्न जावे की नाही हा नसून, कसे जावे हा आहे.

हृदयविकार, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे श्रम होऊनही नाडीचा वेग फारसा वाढत नाही. त्यामुळे मनगटी घड्याळावर विसंबू नये. बोलताना वाक्य पुरे होत असेल तर श्रम बेताचे. शब्दाशब्दाला धाप लागली तर थांबावे. छातीत दडपण किंवा चक्कर जाणवली, तर चढ तेथेच सोडून द्यावा व विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पाणी प्यावे.

उभ्या चढावर उतरून सायकल हाताने ढकलत नेण्यात कमीपणा नाही. सायकल चालविताना शरीराचा भार बैठकीवर असतो, त्यामुळे हाडांना फारसा व्यायाम मिळत नाही. चालताना तो मिळतो. उतरणे तेवढे अधिक जोखमीचे. तेव्हा दोन्ही ब्रेक हलके, एकत्र दाबावेत. पुढचा एकटा करकचून दाबू नये. रस्ता थेट मंदिराच्या पायथ्यापर्यंत जातो. म्हणून घरातील कोणी गाडी घेऊन मागे राहावे आणि परतीला सायकल गाडीत चढवावी.

माथ्यावर यादवकालीन शैलीचे, काळ्या पाषाणाचे शिवमंदिर आहे. भोवती दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत. बाहेरून साधे भासणारे हे मंदिर आत शिरताच शिल्पांनी थक्क करते; स्त्रीरूपातील गणेशाची दुर्मीळ मूर्तीही येथे आहे. हिवाळ्यातील सकाळ यासाठी उत्तम. दगडी गारव्यात टेकून श्वास स्थिर झाला की खाली पसरलेला मुलूख निवांत पाहावा. कितीदा उतरून चालावे लागले, याचा हिशेब तेथे कोणी मागत नाही.