एकशेवीस मीटर

वांद्र्याहून सी-लिंकवरून ऑफिसला येताना डावीकडे वरळी कोळीवाडा दिसतो. म्हणजे ऐंशीच्या स्पीडला जेवढा दिसेल तेवढा! मागच्या रविवारी गाडी घरीच ठेवली आणि तिथे चालत गेलो. चिंचोळ्या गल्ल्या, गोल्फादेवीचं देऊळ, टोकाला इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला किल्ला. आणि सुकटीचा वास. (सवय होते हो दहा मिनिटांत.)

डोक्यात मात्र भलतंच गाव होतं. कॅनडातलं रेड बे. सोळाव्या शतकात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क दर्यावर्दी अटलांटिक ओलांडून तिथे यायचे. छोट्या होड्यांतून हार्पून मारून देवमासा धरायचा, किनाऱ्यावरच्या भट्ट्यांवर चरबी वितळवायची, पिंपं भरून तेल युरोपात न्यायचं. तिथले दिवे त्यावर जळायचे. सत्तरेक वर्षांत देवमासे घटले, धंदा बसला. मागे उरल्या भट्ट्या, हाडं, लाल कौलांचे तुकडे. १९७८ मध्ये समुद्रतळाशी एक जहाजही सापडलं. २०१३ मध्ये युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा ठरवलं. बास्क जाऊन तोवर चारशे वर्षं झाली होती!

वरळीचे कोळी अजून आहेत. देवमासा नाही, त्यांचा धंदा किनाऱ्यालगतचा: पापलेट, खेकडे, शेवंड. क्लीव्हलंड बंदरातून होड्या निघतात. नेमका त्याच वाटेवर कोस्टल रोडला सी-लिंकशी जोडणारा पूल आला, आणि दोन खांबांत अंतर ठेवलं ६० मीटर. कागदावर भरपूर वाटतं. पण वारा सुटलेला, लाटा उसळलेल्या, खाली खडक, अशात छोटी होडी खांबावर आपटायला कितीसा वेळ लागतो? कोळ्यांनी १६० मीटर मागितले. २०२१ मध्ये काम अडवलं. इंजिनीअर मंडळी ६० पुरेत म्हणत राहिली. पण दर्यात रोज जाणार कोण? शेवटी २०२२ च्या अखेरीस मधला एक खांब रद्द झाला, १२० मीटरवर तडजोड झाली. म्हणून तिथे ती मोठी लोखंडी कमान आहे. सप्टेंबर २०२४ पासून तिच्यावरून गाड्या धावू लागल्या. मी तिला निव्वळ डिझाइन समजत होतो.

सोमवारी पुन्हा त्याच रस्त्याने आलो. स्पीड थोडा कमी केला तर मागच्याने हॉर्न मारला. खाली एक होडी बाहेर निघाली होती.