चार मिलिमीटरची किल्ली

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी एक-दोघांनी विचारलंही, "लेखणी रुसली का?" रुसली नव्हती. एक गोष्ट सांगायची होती, ती सांगायचा धीर होत नव्हता, आणि म्हणून दुसरंही काही सुचत नव्हतं.

माझी नात नऊ वर्षांची. दोन वर्षं झाली, स्केटिंग शिकते. पूर्वी मी पाहिलेल्या स्केट्सना पुढे दोन आणि मागे दोन चाकं असत. हिच्या बुटाखाली चारही चाकं एका रांगेत. त्याला इनलाइन म्हणतात. (ही कल्पना नवी नाही बरं का! जोसेफ मर्लिन नावाच्या बेल्जियन कारागिराने अठराव्या शतकात लंडनमध्ये चाकांचे बूट केले होते. ते घालून व्हायोलिन वाजवत तो एका मेजवानीत शिरला, थांबता येईना आणि भल्यामोठ्या आरशावर आदळला, असं सांगतात. इतिहास शिकवायची खोड जात नाही, काय करणार!)

मुलगा आणि सूनबाई दिवसभर कामावर. त्यामुळे स्केट्सची देखभाल आपोआप माझ्याकडे आली आणि मी ती आनंदाने घेतली. घरात आपलं कुणाला तरी काम पडतंय, याचं सुख माझ्या वयाची मंडळी जाणतात. पण मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला पान्ह्या-किल्ल्यांतलं काय कळणार? सुरुवातीला मी बेअरिंगमध्ये चक्क खोबरेल घातलं. पुण्याच्या थंडीत ते गोठलं आणि चाकं जागच्या जागी कुरकुरू लागली. त्यावर घरात पुष्कळ हसून झालं. ती चूक हसण्यावारी गेली. पुढची जाणार नव्हती.

चाकं आतल्या कडेने जास्त झिजतात, म्हणून अधूनमधून त्यांची जागा बदलावी लागते. पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, आणि झिजलेली कड बाहेरच्या बाजूला. त्यासाठी प्रत्येक चाकाचा बोल्ट काढायचा. बोल्टाच्या डोक्यात सहाकोनी खाच असते, तिला ॲलन की लागते. हिच्या बोल्टाला हवी होती ४ मिलिमीटरची. माझ्याजवळ होता जुना इंचांचा संच. त्यातली ९/६४ इंचाची किल्ली खाचेत गेली. थोडी हलत होती, पण गेली. आता हिशेब करा. ९/६४ इंच म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या जरा वर. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. मी म्हटलं, चालतंय की!

सात बोल्ट निभावले. आठवा आवळताना किल्ली गर्रकन फिरली आणि खाचेचे कोपरे गुळगुळीत झाले. आता तो बोल्ट पुढेही जाईना, मागेही येईना. पुरता आवळलेला नाही, हे माझ्या हाताला कळलं होतं. तेवढ्यात नात बूट मागायला आली. "आबा, झालं का?" मी म्हटलं, "झालं."

हा एक शब्द मला अजून टोचतो.

दोन दिवसांनी सरावात तो बोल्ट निघाला, चाक निसटलं आणि ती तोंडावर पडली. मनगटाला गार्ड होतं म्हणून हाड वाचलं. हनुवटीला तीन टाके पडले. मुलगा म्हणाला, "हल्लीच्या वस्तूच तकलादू." मी मान डोलावली. नाशिकहून, बडोद्याहून फोन आले, त्यांनाही मी तेच ऐकवलं. पस्तीस वर्षं मुलांना "चूक झाली तर कबूल करा" असं शिकवणारा मी!

चौथ्या दिवशी जेवताना मला घास जाईना. तेव्हा सगळं सांगितलं. मुलगा गप्प झाला. सूनबाई ताटाकडे बघत राहिली. नात मात्र म्हणाली, "मग आता बरोबर किल्ली आण ना."

दुसऱ्या दिवशी शाबूत बोल्टांपैकी एक नमुना म्हणून खिशात टाकला आणि बोहरी आळी गाठली. दुकानदाराने किल्ली बोल्टात बसवून दाखवली. "काका, हलली तर घेऊ नका." किल्ली अशी बसली की बोल्ट तिच्यावर उचलला गेला. तसाच बोल्ट मात्र स्केटिंगच्या सामानाच्या दुकानात मिळाला. तिथे आटे आणि लांबी दोन्ही जुळवून घेतलं.

आता रविवारी आम्ही दोघं गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसतो. एका चाकात दोन बेअरिंग, म्हणजे दोन्ही बुटांची मिळून सोळा. सगळी ६०८ नंबरची, बाहेरून २२ मिलिमीटर. ती ढकलून काढायचं एक स्वस्तातलं अवजार मिळतं, ते घेतलं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटणं बंद. ज्यांची झाकणं निघतात त्यांची टाचणीने काढायची, रॉकेल नाही म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बेअरिंग धुवायची, पूर्ण वाळवायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब द्यायचे. पाणी अजिबात नाही, गंज धरतो. बोल्ट पुरता आवळायचा आणि चाक बोटाने फिरवून पाहायचं. अडलं तर बोल्ट सैल सोडायचा नाही, दोन बेअरिंगच्या मधली नळी जागेवर आहे का ते पाहायचं. पूर्वी मी नेमका बोल्ट सैल सोडत असे.

शेवटची तपासणी नात करते. आठही बोल्टांना किल्ली लावते, आठही चाकं फिरवते. माझ्या "झालं" वर ती आता विसंबत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. टाके निघाल्यावर पहिल्या दिवशी सूनबाई म्हणाली, "बाबा, आज क्लासला तुम्हीच सोडा तिला." मी चष्मा पुसत बसलो.

असो. फोनवर ज्यांना ज्यांना मी वस्तू तकलादू असल्याचं सांगितलं, त्यांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी. वस्तू चांगली होती.